कॉफी हलली का?

बर्लिनची भिंत पडली त्या वर्षी डेटलेफने रोझविताबाईंच्या घराखालच्या तळघरात दणदणीत टेक्नो संगीताचा क्लब सुरू केला. बाई भांडायला खाली गेल्या आणि क्लबच्याच होऊन बसल्या. पुढे बंद धोबीखाना, रिकामी गिरणी अशा जागा बदलत गेल्या. दर वेळी बाई केक घेऊन वरच्या बिऱ्हाडी जायच्या आणि टेबलावरच्या कॉफीकडे बघत बसायच्या. खालच्या ठेक्याने तरंग उठला की जागा बाद.

रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. डेटलेफच्या हाती आता आमच्या घराखालचं तळघर ही एकच जागा उरली होती. खाली ठेका सुरू झाला. कॉफी ढिम्म.

फोनवर डेटलेफ ओरडला, "रोझविता, बोल ना गं!"

"केक तरी खाऊ दे मेल्या! राहा इथेच. आणि आवाज जरा वाढव, मला काहीच ऐकू येत नाहीये."