कार्बुरेटरचं तीर्थ

जव्हारात मला लोक मोटारमास्तर म्हणत. हा किताब मला कुणी दिला नव्हता, मीच बरोबर आणला होता. मुंबईच्या एका मोटारखान्यात काही महिने मी चाकांचा चिखल धुवायला होतो, आणि त्या निमित्ताने मोटारीच्या पोटाखाली बरंच काही बघून घेतलं होतं. मोटार पोटाखालून पाहिलेला माणूस त्या काळी संस्थानात शोधून सापडला नसता. एवढ्या भांडवलावर मला एका सरदारांकडे नोकरी मिळाली, डोक्यावर चामडी टोपी आली, आणि त्या टोपीकडे बघून शहापूरच्या एका सज्जन गृहस्थांनी मला आपली मुलगी दिली. त्यांनी टोपीखाली बघितलं नाही, हे माझं नशीब.

सरदारांना आम्ही सगळे सरकार म्हणत असू. एका गोऱ्या साहेबाने काढून टाकलेली दोन माणसांची, लांब नाकाची, शर्यतीची मोटार त्यांनी हौसेने घेतली होती. आमच्या रस्त्यांवर शर्यत लावायची ती बैलगाड्यांशीच, आणि पावसाळ्यात चढावर बैलगाड्या जिंकत.

एकदा ही मोटार गुदमरल्यासारखी करू लागली. मुंबईचा मिस्त्री अशा वेळी कार्बुरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात त्या पितळी डब्यावर, हलकेच टकटक करी, हे मला आठवलं. टकटक आठवली, हलकेच तेवढं आठवलं नाही. शिवाय हाताशी होता तंबूच्या मेखा ठोकायचा हातोडा. डबा उभा चिरला.

"हे काय झालं?" सरकारांनी विचारलं.

"झिजला होता, सरकार. नवा मागवावा लागेल."

नवा कार्बुरेटर मुंबईहून डहाणू स्टेशनापर्यंत रेल्वेने आणि तिथून बैलगाडीने आला. सरकारांनी तो हातात घेऊन मूर्तीसारखा फिरवून पाहिला आणि जाहीर केलं, "दसऱ्याला सीमोल्लंघनाला आम्ही मोटारीतून जाणार. आमच्या धाकट्या भावाच्या बग्गीच्या आधी आपट्याच्या झाडाखाली पोचायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि नाही पोचलो, मास्तर, तर सूर्यमाळला आमचं लाकडाचं काम चाललंय. तिथे ओंडक्यांवर राखणीला बसवून ठेवीन तुला."

मी बंगल्यामागच्या आमच्या खोलीत येऊन बायकोला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

"सूर्यमाळला पाणी कुठाय?"

"आहे की. दरीत."

"म्हणजे तुम्ही ओंडक्यावर बसणार आणि दरीत मी उतरणार," ती म्हणाली. "अहो मोटारमास्तर, तेवढा डबा बसवा नीट."

बसवला असता. पण जुना डबा मी काढला होता कमी आणि उपटला होता जास्त. इंजिनाच्या बाजूला एक नळी, दोन तारा आणि एक स्प्रिंग लोंबत होत्या, आणि कोण कुणाचं हे ओळखायला मला वेळ हवा होता. म्हणून मी अक्कल चालवली. सरकारांना म्हटलं, "नवं यंत्र आहे. मुहूर्ताशिवाय हात कसा लावू?"

सरकारांना हे फार पटलं. भटजींना त्याहून पटलं. त्यांनी पंचांग उघडलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "दसऱ्याची सकाळ. शस्त्रांबरोबरच यंत्राची पूजा करू, आणि लगेच प्रतिष्ठापना."

दुपारी मिरवणूक, सकाळी पूजा, आणि मधल्या वेळात मी. मुहूर्त मीच मागितला होता. आता दुसरा द्या म्हणायला तोंड नव्हतं. तोवर रोज इंजिनासमोर बसून, नळी आणि तारा आलटून पालटून धरून बघत, मी जागा तेवढ्या पाठ केल्या. या खटाटोपात मला एकदाही सुचलं नाही, की पूजा म्हणजे नुसतं हळदकुंकू नसतं.

दसऱ्याला चौरंगावर तलवारी, बंदुका, आणि मधोमध कार्बुरेटर. भटजींनी पळी उचलली. दूध गेलं. दही गेलं. मी पुढे सरकलो.

"भटजीबुवा, बाहेरून शिंपडलं तरी चालेल ना?"

"अहो मास्तर, देवाला काय बाहेरून आंघोळ घालतात?"

तूप गेलं. मध गेला. साखर गेली. सुईच्या टोकाएवढी भोकं असलेल्या त्या नाजूक वस्तूच्या वरच्या तोंडातून सगळं आत उतरलं आणि खालच्या भोकातून बारीक धार लागली. सभामंडप गहिवरला. भटजी ओरडले, "बघा, बघा, यंत्र स्वतः तीर्थ देतंय!" त्यांनी धारेखाली पंचपात्री धरली. पहिलं तीर्थ सरकारांनी घेतलं, मग मानाप्रमाणे सगळ्यांनी. मीही घेतलं. चवीला पितळी होतं. शेवटी अक्षता पडल्या आणि त्याही आत गेल्या.

"तुम्ही थांबवलं का नाही?" बायकोने नंतर विचारलं.

"तोंडात तीर्थ होतं."

कार्बुरेटर मात्र मी बसवला, आणि चांगला बसवला. बोल्ट आवळले, नळी जोडली, तारा जिथल्या तिथे लावल्या. बाहेरून बघणाऱ्याने शाबासकी दिली असती. हँडल मारलं. इंजिन हूं की चूं करेना. पुन्हा मारलं, खांदा निखळायची वेळ आली. बायको परसाच्या कडेला उभी राहून बघत होती. तिने हाताने घागर डोक्यावर घेतल्यासारखी खूण केली. भटजी म्हणाले, "श्रद्धा कमी पडतेय तुमची."

तेवढ्यात सरकार जरीचा फेटा बांधून आले आणि मोटारीत बसले. खाली रस्त्याला बग्गीच्या घोड्यांचे घुंगरू वाजले.

"चल!"

सरकारांचा बंगला टेकडीच्या माथ्यावर. तिथून आपट्याच्या झाडापर्यंत रस्ता उताराचा. मला दुसरं काही सुचलं म्हणून नव्हे, तर काहीच सुचलं नाही म्हणून मी चाकामागे बसलो आणि ब्रेक सोडला.

मोटार निघाली. आधी लाजत, मग सुसाट. पहिल्या वळणावर आम्ही बग्गी मागे टाकली, दुसऱ्या वळणावर ढोलवाले. सरकारांनी कान टवकारले.

"मास्तर, आवाज कुठाय?"

"नवा कार्बुरेटर, सरकार. विलायती. आवाज खातो."

एरवी आमची धडधड ऐकून लोक बैलांसकट चरात उड्या मारत. त्या दिवशी ते जागेवर उभे राहून मुजरे करत होते आणि सरकारांनी "ठीक आहे ना?" विचारलेलं त्यांना ऐकू जात होतं. सरकारांचे डोळे ओले झाले. झाडाखाली ब्रेक दाबून मी मोटार अशी उभी केली की आपट्याची पानं हाताला लागावीत.

पूजा झाली, सोनं लुटून झालं. सरकार म्हणाले, "फिरव."

आता चढ. घाम पुसायच्या निमित्ताने टोपी काढली आणि परत अक्कल चालवली. "सरकार, पहिल्या सीमोल्लंघनाहून यंत्र आपल्या पायाने परत येत नाही. रथासारखं ओढून न्यायचं असतं. भटजीबुवांना विचारा."

भटजींनी माझ्याकडे बघितलं, मोटारीच्या नाकाकडे बघितलं. तिथून मधाचा एक थेंब ओघळत होता. "शास्त्रात आहे," ते म्हणाले.

दाभोसा आणि आजूबाजूच्या पाड्यांतले लोक दसरा बघायला आले होते. भात कापायला आलेलं टाकून आलेले. शिपायाने त्यातले दांडगे निवडले आणि त्यांच्या हातात दोर दिला. सरकारी वेठ, विचारायची पद्धत नव्हती. ते वाकले आणि ओढू लागले. सरकार आत, मी आत. अर्ध्या चढावर एक म्हातारा धापा टाकत माझ्या बाजूला आला.

"मास्तर, तू तरी खाली उतर ना. तवढीच हलकी होल."

सरकार म्हणाले, "तो उतरला तर चाक कोण धरील?"

म्हाताऱ्याने मला नीट निरखलं. "म्हंजे ओढतं आम्ही, आन् चालवतं हा?"

दोरावरची सगळी माणसं हसली. मी चाक घट्ट धरून समोर बघत राहिलो. संस्थानचा कारभार इतक्या थोडक्यात सांगितलेला मी नंतर कधी ऐकला नाही. मी उतरलो नाही, हेही सांगून टाकतो.

नोकरी वाचली. सरकार जो भेटेल त्याला बिनआवाजाची मोटार सांगू लागले. उतारावर मी नेई, चढावर दोर. पण वेठीच्या माणसांच्या नजरेला नजर देणं मला जमेना, आणि शिवाय मोटारीला मुंग्या लागल्या. पुढच्या चाकावरून चढून त्यांची रांग थेट कार्बुरेटरमध्ये शिरे. शेवटी एका सकाळी मी तो उतरवला, बायकोच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेवला, मुंग्या जिथून जिथून बाहेर आल्या तिथे तिथे काडी घातली. तूप निघालं, साखर निघाली, फुगलेल्या अक्षता निघाल्या. परत बसवला. हँडल मारलं.

काय गर्जना! टेकडीवरचे कावळे उडाले. बायको टाळ्या वाजवत बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट खरोखर दुरुस्त केली होती.

सरकार धोतर सावरत बाहेर धावले. "बंद कर! बंद कर ते! मोडलीस ना माझी मोटार?"

"सरकार, आत्ताच तर चालू झाली..."

"जुना आवाज परत आला! एवढी पूजाअर्चा केलेली वस्तू, आणि तू उघडलीस? कुणाला विचारून? उद्या पहाटे सूर्यमाळ. बायकोसकट!"

बायकोच्या टाळ्या थांबल्या. तिने तेच पातेलं उचलून कमरेवर घेतलं, घागरीसारखं, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"एक क्षण, सरकार," मी म्हणालो. "बारीकसा दोष आहे. काढतो."

वाकलो आणि पेट्रोलची तोटी बंद केली. इंजिनाने दोनचार उचक्या दिल्या, एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि गप्प झालं. आवारात पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला.

सरकारांनी कान देऊन ऐकलं. चेहरा निवळला. "हां. आता कसं!" ते चढून शेजारी बसले. "बघ, मनात आणलं की जमतं तुला. चल, बाजारात चक्कर मारून येऊ."

मी टोपी सारखी केली, ब्रेक सोडला, आणि आम्ही निःशब्द उतारावर निघालो.