जिलबीची परात

ओमती नाल्याकाठच्या बाजारातला तो हलवाई आमच्या वऱ्हाडाकडचा. नाव मी कधी विचारलं नाही. मी दिसलो की परातीमागून ओरडायचा, "काहून नुसते पाहून राहिले, मास्तर? चाखा, चलो!" काही वाया गेलेलं त्याला खपायचं नाही, पडलेला तुकडाही फुंकून चिमण्यांना टाकायचा.

प्लेग शेजारच्या पाटण गावापर्यंत आल्याची बातमी होती, तरी त्या रविवारी मी बाजारभर हिंडलो. बांगड्या, पितळ, पेरू, सगळीकडे नेहमीचीच गर्दी. फक्त त्याची हाक आली नाही. तो भट्टीमागे वाकला होता. चिमट्यानं त्यानं एक मेलेला उंदीर उचलला आणि आगीत टाकला. मग जिलब्यांनी भरलेली परात सरळ नाल्यात उपडी केली.

"अहो, काहून?"

"घरी जा, मास्तर," तो हळूच म्हणाला आणि दुकानाला फळ्या लावू लागला.

शेजारच्या भांडेवाल्यानं पाण्यावरच्या जिलब्या पाहिल्या. तोही फळ्या लावू लागला.

घरी बायकोनं विचारलं, "आज रिकाम्या हातानं?"

मी चपला न काढताच आत गेलो. धान्याच्या कोठीमागच्या अंधारात वाकून पाहत राहिलो.