पातळ रक्ताची मंडळी

रहाटणीतल्या एका छोट्या हार्ट हॉस्पिटलात मी सिस्टर आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असलेले पेशंट तपासणीला माझ्याकडे येतात. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून ही तपासणी कायमची. आणि कायम येणारा माणूस नुसतं रक्त देऊन जातो होय? काहीतरी बोलून जातोच! घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "तुला पगार कशाचा देतात, हसायचा?"

*

चाकणकडचे एक शेतकरी मामा. पालेभाजी एकदम वाढवली की या गोळीचा जोर कमी होतो, हे त्यांना तोंडपाठ. तरी एकदा रक्त भलतंच घट्ट निघालं.

"मामा, काय खाल्लंत?"

"काय न्हाई."

"मेथी?"

"आता भावच पडला, तर बाजारात कोण नेणार? आमीच संपवली. समदा वाफा!"

*

एका कंपनीतले सुपरवायझर तपासणी सारखी टाळायचे. "मला काही त्रासच नाही ना, सर!"

आमचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे मशीन बंद पडल्यावरच मेंटेनन्स करता का?"

"हो, सर."

डॉक्टरांनी मुकाट्याने पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली!

*

आयटीतल्या एका पोराचा कॅबमधून फोन. "सिस्टर, हिंजवडीतच अडकलोय. व्हिडिओ कॉलवर नाही का जमणार?"

म्हटलं, "सुई कुठून घालू, राजा?"

*

एक भाऊ नाकातून रक्त येतंय म्हणून धावत आले. मी विचारलं, "या गोळीबरोबर दुसरं काही औषध घेतलंत?"

"आईशपथ न्हाई!"

बायकोने त्यांच्याच खिशातली पेनकिलरची स्ट्रिप काढून टेबलावर आपटली.

"ही गोळी हाय," भाऊ म्हणाले. "सिस्टरनी औषध विचारलं!"

*

आणि आमची अर्चना. हृदयात कृत्रिम झडप, नोकरी चाकणच्या कंपनीत. एका नवरात्रात तिने सासूबरोबर नऊ दिवसांचे उपास धरले आणि रिकाम्या पोटी नको म्हणून गोळीच बंद ठेवली. दसऱ्याआधीच बोलताना जीभ अडखळायला लागली, हात उचलेना. सासूने, म्हणजे आक्कांनी, तिला शेजाऱ्याच्या गाडीत घालून आणलं. गुठळी मेंदूत गेली होती. वेळेत आणली म्हणून निभावलं.

अर्चना नीट बोलायला लागली तेव्हा आक्कांनी जाहीर केलं, "आजपासनं हिचे समदे उपास मी करणार!"

आणि करतात. एकाच एकादशीला आपला एक आणि सुनेचा एक, असे दोन उपास कसे धरतात ते त्यांचं त्यांना माहीत!

परवा तपासणीला आक्का एकट्याच आल्या.

"अर्चना कुठाय?"

"तिला सुट्टी न्हाई मिळाली."

खुर्चीत बसल्या, बाही वर सारली आणि हात पुढे केला. "घ्या माझंच."

"अहो आक्का, असं कसं चालेल?"

"देवाला चालतंय, अन् तुमाला चालंना व्हय?"