ट्रॉफीवरचा बॅट्समन

मित्रांनो, नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळून मागच्या महिन्यात थांबलो. आज सकाळी बदनापुरात गल्लीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, ट्रॉफी. ट्रॉफीवर बॅट उगारलेला बॅट्समन.

"जालन्यात फुटबॉलवाली मिळालीच न्हाई बाबा," मंडळाचे काका म्हणाले. मंग माईकवरून विचारलं, "एकूण गोल किती मारले?"

"चार."

टाळ्या थांबल्या. मी मिडफिल्डर. बॉल पुढच्याला द्यायचा, हेच माझं काम. पण इथं माझी एकही मॅच कोणी बघितलेली न्हाई.

दुपारी एकटाच शाळेच्या ग्राउंडवर गेल्तो. सवयीनं लांब पास दिला आणि तो आणायला मीच पळालो.

उद्या येतं का कोणी? गोल मारता आला न्हाई तरी चालंल. फक्त बॉल परत द्या.