दवाखान्याचा बाण

आमच्या गावात येणाऱ्या रस्त्यांवरच्या पाट्या परक्या माणसाला कितपत उपयोगी पडतात, हे बघत मी सध्या हिंडते आहे. काल बायपासच्या फाट्यावर पोचले आणि थबकलेच. दवाखान्याच्या पाटीवर कुणीतरी भला मोठा फ्लेक्स बांधला होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ हार घातलेला फोटो, खाली शोकाकुल मित्रांची रांग. मूळ पाटीवरचा फक्त बाण कडेने बाहेर डोकावत होता. श्रद्धांजली, आणि डावीकडे बाण!

“अहो, हे काय?” मी शेजारच्या रसवंतीवाल्याला विचारलं.

“दहावं होईपर्यंत राहू द्या, ताई. आत्ता काढला तर घरच्यांना काय वाटेल?”

“आणि दवाखाना शोधणाऱ्यांनी काय करायचं?”

“सगळ्यांना ठाऊक आहे की दवाखाना.”

पाटी आपल्यासाठी नसतेच मुळी. ज्याला आपण ओळखतही नाही, त्याच्यासाठी ती लावायची. आणि आपल्या माणसाच्या दुःखात आपण त्या अनोळख्याचा रस्ताच झाकून टाकला होता, तोही कुणाचं वाईट न चिंतता.

तेवढ्यात एक जीप करकचून थांबली.

“दवाखाना कुठंय?” ड्रायव्हर ओरडला. मागे एक बाई म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिची नजर बाणावर होती. मी घाईघाईने डावीकडे हात केला, आणि तिला बाणाशेजारचं वाचता येऊ नये म्हणून धावत फ्लेक्सपुढे जाऊन उभी राहिले.

फ्लेक्स माझ्यापेक्षा केवढा तरी मोठा होता.