किती वेळा थांबलात?

छावणीतले हवावाले चाचा माणसाशी हात मिळवण्याआधी त्याच्या गाडीच्या चाकाला हात लावायचे. तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. आई पोराच्या कपाळाला लावून ताप बघते तशी. क्षणभर डोळे मिटायचे आणि मग निकाल सांगायचे, "ह्याला कणकण आहे." गाडीवाला हसायचा. चाचा हसायचे नाहीत.

निनाद, ईरा, परवा तुम्ही व्हिडिओवर तुमची घरगाडी दाखवलीत. दुसऱ्याकडून घेतलेली, गाडीमागे जोडून ओढायची, आत ओटा, दोन पलंग आणि खिडकीला फुलाफुलांचे पडदे. निनाद म्हणाला, "आजी, टायर एकदम नवे दिसतात. आणि आमची गाडी हिला ताशी पंचाहत्तर मैलांनी आरामात ओढते." मी "छान" म्हटलं. फोन ठेवला आणि चाचा आठवले. शनिवारी निघण्याआधी हे पूर्ण वाचा.

तुमचे आजोबा डोळ्यांचे डॉक्टर. गावोगावी तपासणीसाठी त्यांनी जीपमागे जोडायचा एक पत्र्याचा ट्रेलर बांधून घेतला होता. दोन चाकं, वर दार असलेली खोली. आत तपासणीचं यंत्र, चष्म्यांच्या पेट्या, जनरेटर. दर रविवारी फुलंब्रीच्या बाजूला नाहीतर वेरूळकडे आमची फेरी असे. जीप मी चालवत असे. दुसऱ्यांच्या डोळ्यांत इतकं बारकाईनं बघणारा हा माणूस स्वतः रस्त्याकडे मुळीच बघत नसे, म्हणून ते काम मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

ट्रेलर घेऊन पहिल्यांदा चाचांच्या दुकानात गेले, तेव्हा टायरवरचं बारीक इंग्रजी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्याचा परिणाम. मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्हाला वाचता येतं. मला कळतं." आणि टायरच्या कडेला बोट ठेवून त्यांनी मला चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची जन्मतारीख. "खाचा बघून फसू नका. ट्रेलर लई दिवस उभाच असतो. खाचा झिजत नाय, पण रबर म्हातारं होतं. मी मेंदी लावली म्हणून जवान झालो का?"

'नवे दिसतात' याला माझं उत्तर हेच आहे, निनाद. खाली वाक आणि आकडे वाच.

जनरेटर आम्ही मागच्या दाराशी ठेवला होता, उतरवायला सोपा म्हणून. चाचांनी तो स्वतः ढकलत चाकांच्या पुढे आणला. "मागं जड ठेवलं की शेपूट हलतं. आणि हललंच, तर ब्रेक नक्को. हात सीधे, पाय उचला. गाडी तिची ती थकू द्या." वेगाचा नियमही त्यांनीच घालून दिला. "जीप किती पळती ते विचारू नका. मागचं चाक किती पळू शकतं ते विचारा." आमच्या त्या ट्रेलरसाठी त्यांनी ताशी साठ किलोमीटर ठरवले होते, आणि दर पंधरा किलोमीटरला थांबून चाकांना हात लावायचा. परत आल्यावर इतरांसारखं "किती वेळात आलात?" असं ते कधीच विचारत नसत. विचारायचे, "किती वेळा थांबलात?"

आजोबा चिडवायचे, "चाचा, तुमच्या हिशेबानं बैलगाडी बरी."

"बैल थकला तर बसतो, साहेब. टायर बोलत नाय."

आता मी केलेली चूक सांगते. तुमच्या बाबाला ती ठाऊक नाही, कारण तो झोपला होता.

मे महिना होता. शहराबाहेरच्या पंपावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ऊन लई आहे. पाच-सहा पॉइंट कमी करू का? नाहीतर फुटतात." हवेचं माप इथं सगळे पॉइंटमध्येच बोलतात, आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं तेव्हा जो तो सांगे. एकटे चाचा उलट सांगत: उन्हाळा असो की हिवाळा, सकाळी टायर थंड असताना हवा पूर्ण भरायची आणि मग हात लावायचा नाही. पण मी शिकलेली. उष्णतेनं हवा प्रसरण पावते, म्हणजे आधीच थोडी कमी असलेली बरी, हा तर्क मला पक्का वाटला. मी मान हलवली.

त्यात उशीर झाला होता. शिबिरात म्हातारी माणसं उपाशी बसली असतील, या काळजीनं मी काटा ऐंशीवर नेला आणि कुठंही थांबले नाही. फुलंब्री जवळ आली, एक उतार लागला आणि मागे बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. ट्रेलर डावीकडे खेचू लागला, मग उजवीकडे, आणि जीपचं मागचं अंग त्याच्याबरोबर झोके खाऊ लागलं. मागच्या सीटवर तुमचा बाबा, सहा वर्षांचा, चष्म्याच्या पेटीवर डोकं ठेवून झोपलेला. आजोबा ओरडले, "ब्रेक! ब्रेक मार!" माझा पाय ब्रेककडे निघालाही होता. तेवढ्यात कानात तो 'नक्को' वाजला, आणि मी पाय उचलला. हात सरळ धरून ठेवले. ते काही क्षण मी पुन्हा कधी कुणाला सांगितले नाहीत. हळूहळू गाडी थकली, कडेला गेली, थांबली.

रस्त्याकडेला मेंढ्या चारणारे एक धनगर आजोबा काठी टेकत आले. ट्रेलरभोवती फेरी मारून म्हणाले, "मागची धाकटी लंगडली व्हय, बाई?" त्या आवाजानं तुमचा बाबा उठला आणि म्हणाला, "आलं का फुलंब्री?"

दुसऱ्या दिवशी फाटका टायर घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी आत हात घालून मूठभर काळा भुगा बाहेर काढला. "हवा कुणी कमी केली?"

"मी करायला सांगितली."

ते रागावले नाहीत. बांधायच्या तारेचा एक तुकडा घेतला, एकाच जागी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे वाकवला आणि माझ्या बोटाला टेकवला. चटका बसला. "फुगून नाय फुटला. हवा कमी, म्हणून प्रत्येक फेऱ्याला दुमडत गेला. दुमडून दुमडून आतून भाजला." माझं विज्ञान खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला त्या तारेनं शिकवलं.

"मागं कोण बसलं होतं?"

"मुलगा."

चाचांनी तार खाली ठेवली. मग फळीवरून त्यांचा हवा मोजायचा पितळी गेज काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "आजपासून पंपवाल्यावर भरोसा नक्को. माझ्यावर पण नक्को. काटा बघायचा."

आजोबा गेल्यावर ट्रेलर मी एका संस्थेला दिला. त्यानंतर काही वर्षांनी चाचांना भेटायला गेले. दुकान मुलांनी वाढवलं होतं. चाचा समोर खाटेवर बसले होते. नजर अजून साफ होती, तुमच्या आजोबांनीच मोतीबिंदू काढले होते. आठवण मात्र विरली होती. त्यांनी मला ओळखलं नाही.

"कुठून आल्या, बाई?"

"घरून, चाचा. चालत."

"किती वेळा थांबलात?"

"दोनदा. गुडघे."

त्यांनी हाताची मागची बाजू माझ्या मनगटाला लावली, डोळे मिटले. "ठंडा है. ठीक चाललंय." त्याच हिवाळ्यात ते गेले.

तो पितळी गेज तुमच्या बाबाच्या गॅरेजमध्ये कुठल्यातरी खणात असेल. परदेशी निघाला तेव्हा मीच त्याच्या सामानात घातला होता, कशासाठी ते न सांगता. आज हे वाचून त्याला कळेल. तो शोधा, तिथल्या नव्या गेजशी ताडून बघा, आणि शनिवारी सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना, हवा मोजा. घरगाडीच्या टायरची गतीची हद्द टायरवरच लिहिलेली असते, बहुधा एका अक्षरात. तुमची गाडी किती वेगानं ओढते ते मला सांगू नका.

पोहोचलात की फोन करा. किती वाजता पोहोचलात हे मी विचारणार नाही. जे विचारीन, त्याचं उत्तर तीनपेक्षा कमी नको.