फांदीला चांगला दोर

बाबा चिंचेवर होते आणि मला खाली ओट्यावर उभं करून कविता म्हणायला लावली होती. इंग्रजीतून.

गोंदियातल्या एका राइस मिलवाल्या शेठचा बंगला. मी अकरा वर्षांची. शेठची मुलगी आणि मी एकाच वर्गात. तिची फी भरली जायची, मी गरिबांसाठी राखलेल्या जागेवर. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून बाबांनी मला कामावर सोबत आणलं होतं. पाहुणे चहा पीत होते. शेठाणी म्हणाली, "सुना बेटा, अंकल को. पेड़वाले की लड़की है, पर इंग्लिश देखो इसकी."

पाहुण्यांनी खुर्च्या माझ्याकडे वळवल्या.

चिंचेची एक जाड फांदी शेठच्या नव्या काचेच्या छपरावर आली होती. ती बांधून हळूहळू खाली सोडायची होती. बाबांजवळ चांगला दोर एकच. शेठने तो फांदीला बांधायला लावला. बाबांच्या कमरेला विहिरीवरचा जुना दोर दिला.

कविता म्हणता म्हणता माझी नजर वर गेली. कमरेच्या दोराचे तीन पेड. त्यातला एक तुटून लोंबत होता. मला ओट्यावरून स्पष्ट दिसला. मी दुसऱ्या कडव्यावर थांबले.

वरून बाबा म्हणाले, "काऊन थांबली वो माय? म्हन ना."

आवाजात कौतुक होतं. वरून लेकीचं इंग्रजी ऐकत होते ते. पाहुणे हसले. मी पुढचं कडवं म्हटलं.

कविता संपायच्या आत बाबा फरशीवर पडले. फांदी चांगल्या दोराला लटकून राहिली. काच फुटली नाही.

पाठीचा कणा मोडला. दोन वर्षं खाटेवर काढली आणि गेले. शेठ म्हणाला, "पीके चढ़ा था." हे वाक्य आमच्या आधी गावात पोचलं. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात बाया आईला तेच विचारायच्या. बाबा सणावाराला मोहाची घ्यायचे, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी घेतली नव्हती. शेठच्या मुलीने मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला सांगितलं, हिचे वडील दारू पिऊन पडले. मी खाली मान घालून डबा खात राहिले. तुटलेल्या पेडाबद्दल मी आईलाही सांगितलं नाही. बाबांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, तू का थांबली होतीस म्हणून. मी त्यांना भाकरीचे घास भरवायचे आणि वाट बघायचे, आज विचारतील. ते छताकडे बघत राहायचे.

बाबा फरशीवर पडले तो आवाज माझ्यात राहून गेला. पोतं टाकल्यासारखा. अजून कोणत्याही झाडाच्या बुंध्याला हात लावला की आधी तो येतो.

तरी मी याच कामात आले. कॉलेज झाल्यावर नोकरी नव्हती. आमच्याच भागातला एक ठेकेदार झाडं छाटायची कामं घ्यायचा. बाबांना ओळखायचा. मोठ्या कंपाउंडमधली कामं मिळवायला त्याला चढाईचं नवं सामान घ्यायचं होतं आणि त्याची माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत. त्यासाठी मला ठेवलं. मी वाचलं, फोन केले, विचारलं. कमरेचा पट्टा असा हवा की मांड्यांनाही धरेल. पुरुषांच्या मापाचा माझ्या कमरेवरून सरकायचा, म्हणून लहान मागवला. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली बसणारी. आणि दोर. बाहेर विणलेलं कवच, आत पांढरा गाभा. पत्रकात ठळक लिहिलं होतं, हा दोर फक्त माणसासाठी, ओझ्यासाठी वापरायचा नाही. ती ओळ मी कितीदा वाचली असेल.

मग नागपूरला आठवडाभर शिकून आले आणि स्वतः चढायला लागले. ठेकेदार मला मॅडम म्हणायचा. "मॅडम, झाडाले इंग्लिश समजते का?" टेम्पोतली माणसं हसायची. मी दोर गुंडाळत राहायचे.

मागच्या वर्षी देवरीकडे एका फार्महाउसवर काम होतं. सावरीचं उंच झाड. आदल्या दिवशी मी सुट्टीवर होते. सकाळी दोर हातात घेतला तर सालीचा भुगा अडकलेला. मी तो इंचाइंचाने बोटांतून सरकवला. एका जागी बोटं आत दबली. आत गाभाच नसल्यासारखी.

खालचं काम बघणारा सुखदेव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, काल याच दोराने ऐनाच्या झाडाचं खोड उतरवलं. खाली मालकाचं नवं शेड होतं ना.

मी ठेकेदाराला सांगितलं, यावर मी चढणार नाही. मालक खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यासमोर ठेकेदार म्हणाला, "तुझा बाप त विहिरीच्या दोरावर चढे. तुले कायले एवढे नखरे? तो पिऊन चढला म्हनून पडला. तू त पीत नाहीस."

मालक हसला.

मी कुणाशी मोठ्याने बोलत नाही, शाळेपासूनच नाही. पण वाक्य आपोआप बाहेर पडलं. "बाबा प्यायले नव्हते. दोराचा पेड तुटला होता. मी पाहिला होता."

दहा वर्षांहून जास्त काळ तोंडात धरलेलं वाक्य. मी करवत घेतली आणि तो दोर मधोमध कापला. मग परत कापला. हातभर लांबीचे तुकडे होईपर्यंत कापत राहिले. ठेकेदार शिव्या देत होता. त्या तुकड्यांवर आता कोणी माणूस चढणार नव्हता, एवढंच मला कळत होतं. मी पट्टा सोडून टेम्पोत ठेवला आणि महामार्गापर्यंत चालत जाऊन बस पकडली.

आता मी माझी स्वतःची कामं घेते. आधी दोर घेतला, नंतर बाकीचं सामान. माझा दोर माझ्याच खोलीत राहतो, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. फांदीसाठी वेगळा, लाल. लोक अजून फाटकातच विचारतात, "चढनारा मानूस कुठे हाये?" मी हेल्मेट घालते.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या दिवशी टेम्पोत आणखी तीन दोर होते, न तपासलेले. मी एकच कापला. मी निघून गेल्यावर ठेकेदाराने त्यातल्याच एका दोरावर सुखदेवला त्या सावरीवर चढवलं, हे मला नंतर कळलं. तो सुखरूप उतरला. त्याच्या घरी दोन मुली आहेत. मी बस पकडली, त्याच्याकडे वळून पाहिलंही नाही. म्हणजे पुन्हा गप्पच राहिले होते मी.

म्हणून आता सकाळी जिथे ठेकेदाराचा टेम्पो उभा असतो तिथे मी गाडी थांबवते. सगळ्यांसमोर विचारते, हा दोर काल कशाला बांधला होता? सुखदेव नजर चुकवतो. ठेकेदार म्हणतो, पोरगी वेडी झाली. म्हणू दे. ज्याला वर जायचं आहे, त्याने दोर बोटांतून सरकवून पाहेपर्यंत मी तिथून हलत नाही. खराब निघाला तर करवत माझ्याजवळ असते.